घर बांधणाऱ्याला सरकारी परवाना हवा का? : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरबांधणीच्या ठेकेदारांविषयी सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना या अंकात एकत्र उत्तरे देत आहोत. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून वगळली आहेत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी निवृत्त शिक्षिका असून सांगलीत विश्रामबागेत राहते. निवृत्तीच्या पैशांतून आम्ही आमच्या प्लॉटवर घर बांधले. ओळखीतल्या ठेकेदाराला चौरस फुटाच्या दराने, मटेरिअलसह काम दिले होते. लेखी करार केला नव्हता. दुसऱ्याच पावसाळ्यात स्लॅब गळू लागला आणि स्वयंपाकघरातल्या बीमच्या खालचा गिलावा सुटून सळई उघडी पडली. ठेकेदार म्हणतो, 'तुम्ही राहायला आलात तेव्हाच माझी जबाबदारी संपली.' वीजजोडणी घेताना आमच्याकडे परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागितला गेला. मग डोक्यावरचे छत ओतणाऱ्याकडे कोणीच काही का मागितले नाही? सरकारने घर बांधणाऱ्यांनाही परवाने द्यायला नकोत का?

उत्तर : बाई, आपण नेमक्या विसंगतीवर बोट ठेवले आहे. घरात वायर ओढणाऱ्याला राज्य शासनाचा परवाना लागतो. नळजोडणीसाठी नगरपालिका आणि महापालिका परवानाधारक प्लंबर मागतात. १९७२ च्या वास्तुविशारद कायद्यानुसार परिषदेकडे नोंदणी नसलेल्या व्यक्तीला 'वास्तुविशारद' म्हणवून घेता येत नाही. २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीत नकाशा सादर करणारा अभियंता, संरचना अभियंता आणि पर्यवेक्षक यांच्या पात्रता ठरवून दिल्या आहेत. इतकेच काय, सार्वजनिक बांधकाम विभाग स्वतःचे रस्ते आणि इमारती बांधून घेताना ठेकेदारांची वर्गवार नोंदणी करतो आणि नोंदणी नसलेल्याला काम देत नाही. म्हणजे ठेकेदार पारखून घ्यावा लागतो हे शासनाला ठाऊक आहे. फक्त ती पारख त्याने आपल्या कामांपुरती ठेवली आहे. नागरिकाच्या घराचा ठेका मात्र कोणीही, कालपर्यंत दुसराच धंदा करणारासुद्धा, उद्या सकाळी घेऊ शकतो.

तेव्हा परवाना असावा, या मताचा मी आहे. परंतु आपल्या बीमचे जे झाले ते नुसत्या परवान्याने टळले असते असे मी म्हणणार नाही, आणि याचे कारण थोडे खोलात जाऊन सांगायला हवे.

बीमची सळई इतक्या लवकर उघडी पडली याचा बहुधा एकच अर्थ होतो : सळईखाली कव्हर सोडलेले नव्हते. बीमच्या सळईखाली साधारण २५ ते ३० मिलिमीटर जाडीचे काँक्रीट असावे लागते. त्यासाठी सेंट्रिंगवर सळई मांडताना खाली सिमेंटचे छोटे कव्हर ब्लॉक ठेवतात. ते ठेवले नाहीत, किंवा ठेवले आणि कामगारांच्या पायाखाली सरकले, की सळई थेट फळीवर टेकते. मग काँक्रीट कितीही चांगले असले तरी तिच्याखाली उरतो तो गिलावाच. पावसाचे पाणी आत शिरते, सळई गंजते, गंजताना फुगते आणि गिलावा ढकलून देते.

स्लॅब गळण्याचे कारण बहुतेक वेळा स्लॅबच्या दिवशीच घडलेले असते. त्या दिवशी नारळ फुटतो, कामगारांसाठी गोडाचे जेवण शिजते, ब्रासच्या दराने काम घेतलेली टोळी सकाळी मिक्सर आणि लिफ्ट घेऊन हजर होते आणि संध्याकाळच्या आत काम उरकून तिला दुसऱ्या दिवशीचा स्लॅब गाठायचा असतो. घट्ट काँक्रीट घमेल्यातून पटकन पडत नाही, पसरायला जड जाते. म्हणून मिक्सरवरचा माणूस बादलीभर पाणी वाढवतो. भारतीय मानक ४५६ मध्ये एम-२० प्रतीच्या ठरावीक प्रमाणातल्या मिश्रणासाठी ५० किलोच्या एका गोणीला ३० लिटर पाणी सांगितले आहे. प्रत्यक्षात ते मोजले जात असल्याचे दृश्य मला आपल्या भागातल्या खासगी घरांवर फार क्वचित दिसते. जादा पाणी नंतर उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात. पुढे त्यांतूनच स्लॅब झिरपतो.

या दोन्ही चुकांचे वैशिष्ट्य असे की त्या एका ठरावीक क्षणापर्यंतच दिसतात. सळई बांधून झाली आहे आणि काँक्रीट अजून ओतलेले नाही, एवढ्या वेळात जाणकार माणूस तिथे उभा राहिला तर त्याला सगळे दिसते. त्यानंतर घरमालकाला दिसतो तो गिलावा आणि रंग. आपल्या फाइलवर एका अभियंत्याची सही निश्चित असेल. पण आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी ती सही 'फाइल करून देण्याची' असते आणि सही करणारा स्लॅबच्या दिवशी जागेवर असतोच असे नाही. त्यामुळे माझी मागणी अशी की परवाना त्या दिवसाला जोडलेला असावा. पाया, जोते आणि प्रत्येक स्लॅब ओतण्याआधी परवानाधारकाने सळई तपासून स्वतःच्या क्रमांकासह सही करावी, ती तपासणी परवानगीच्या कागदांचा भाग व्हावी आणि पुढे दोष निघाला तर तो क्रमांक समोर यावा. केवळ शुल्क भरून मिळणारे आणि चौकटीत लावून भिंतीवर टांगायचे प्रमाणपत्र असेल, तर ते न दिलेलेच बरे.

आता आपल्यापुरते. 'राहायला आलात, जबाबदारी संपली' हा कायदा नाही, तो ठेकेदाराचा सोयीचा समज आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे आपल्याला तक्रार करता येते. दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर ती जिल्हा आयोगाच्या कक्षेत येते. लेखी करार नसला तरी बँकेतून दिलेले पैसे, व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश, साहित्याच्या पावत्या आणि कामाच्या वेळची छायाचित्रे पुरावा म्हणून उपयोगी पडतात. तक्रारीचे कारण घडल्यापासून मुदत २ वर्षांची आहे. म्हणून गोड बोलण्यावर आणखी एक पावसाळा घालवू नका; आधी स्वतंत्र संरचना अभियंत्याकडून पाहणी करून त्याचा लेखी अहवाल घ्या आणि त्यानंतरच दुरुस्तीला हात लावा. दुरुस्ती आधी केली तर पुरावाच झाकला जाईल.

प्रश्न : कराडमध्ये ६ सदनिकांच्या इमारतीत आम्ही घर घेत आहोत. बिल्डर म्हणतात की या इमारतीला रेरा लागत नाही. रेरा आल्यावर बिल्डरला परवाना घ्यावाच लागतो ना?

उत्तर : नाही. रेरा म्हणजे स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा, आणि त्याखालच्या राज्य प्राधिकरणाकडे, महारेराकडे, नोंदणी होते ती प्रकल्पाची. ती बिल्डरच्या बांधकामज्ञानाची परीक्षा नसते. २०१६ च्या कायद्यानुसार जमिनीचे क्षेत्र ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीतून सूट आहे, आणि आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांतील कितीतरी इमारती याच सुटीत बसतात. नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते. ताबा दिल्यापासून ५ वर्षांत संरचनेचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष निघाला, तर कळवल्यापासून ३० दिवसांत प्रवर्तकाला, म्हणजे बिल्डरला, तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो. आपल्या बिल्डरला ही ५ वर्षांची हमी करारनाम्यातच लिहून द्यायला सांगा. 'रेरा लागत नाही' असे ठामपणे सांगणाऱ्याला दर्जाची खात्री असेल, तर त्याला हे वाक्य लिहून द्यायला अडचण नसावी.

प्रश्न : मी कोरेगाव तालुक्यातला गवंडी. आमच्या घरात तीन पिढ्या हेच काम आहे. आजोबांनी बांधलेल्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंत. उद्या परवाना आला तर तो पदविकावाल्या पोरांना आणि पैसेवाल्यांना मिळेल. ते आमच्याकडूनच काम करून घेतील आणि कमिशन खातील. आम्ही कुठे जायचे?

उत्तर : आपली भीती रास्त आहे आणि परवान्याची मागणी करणाऱ्यांनी तिला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता कामा नये. औषधाच्या दुकानात भिंतीवर एकाचे प्रमाणपत्र आणि गल्ल्यावर दुसराच माणूस, हा प्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. परवाना भाड्याने देण्याचा धंदा बांधकामात सुरू झाला, तर घरमालकाचा खर्च वाढेल, आपली मजुरी कमी होईल आणि बीममधली सळई जिथे होती तिथेच राहील. शिवाय प्रत्येक सहीमागे तालुक्याच्या कचेरीत एक खेटा आणि एक पाकीट वाढेल, ही शंका पत्रात आपण लिहिली नसली तरी ओळींमधून वाचता येते.

म्हणून परवाना प्रत्येक गवंड्याला लागू नये. विटा रचणे, गिलावा करणे, फरशी बसवणे ही कामे डोळ्यांसमोर होतात. ओळंबा लावला की भिंत सरळ आहे की नाही ते मालकालाही कळते. परवाना हवा तो आरसीसी, म्हणजे सळई घातलेल्या काँक्रीटच्या, सांगाड्याची जबाबदारी अंगावर घेणाऱ्याला. आणि ती जबाबदारी घेण्याची पात्रता पदविकेवरच ठरावी असे नाही. वायरमनच्या परवान्याला शिक्षणाबरोबर प्रत्यक्ष कामाचाही विचार होतो. त्याच धर्तीवर ठरावीक वर्षांचा अनुभव आणि मराठीत, प्रत्यक्ष कामावर घेतलेली परीक्षा अशी वाट ठेवता येईल. समोर सळई, वाकवायचा पाना आणि बायंडिंग तार द्यावी, एक कॉलम बांधायला सांगावा आणि का तसा बांधला ते तोंडी विचारावे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात गवंड्यांना काम करता करता प्रशिक्षण देऊन प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहेच. तिचाच विस्तार करता येईल. सध्या काम करणाऱ्यांना त्यासाठी काही वर्षांची मुदत मिळाली पाहिजे.

मात्र एक गोष्ट आपल्याला मोकळेपणाने सांगतो. आजोबांचे दगडकाम आणि आजचे आरसीसी ही दोन वेगळी शास्त्रे आहेत आणि एकातला वाकबगार दुसऱ्यात आपोआप तयार होत नाही. कॉलमच्या रिंगचे, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधलेल्या कड्यांचे, उदाहरण घ्या. पुष्कळ ठिकाणी रिंगची टोके काटकोनात वाकवून सोडतात. काम पटकन होते आणि बाहेरून कॉलम तसाच दिसतो. भूकंपात कॉलमच्या बाहेरच्या बाजूचे काँक्रीट आधी सुटते. टोक काटकोनात असेल तर त्याला धरून ठेवणारे काही उरत नाही, रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि कॉलम बसतो. तेच टोक १३५ अंशांत आत वळवले तर ते गाभ्यातल्या काँक्रीटमध्ये रुतून राहते आणि रिंग मिटलेली राहते. भारतीय मानक १३९२० मध्ये हीच पद्धत दिली आहे. खर्चात फरक पडतो तो प्रत्येक रिंगमागे बोटभर सळईचा आणि वाकवणाऱ्याच्या थोड्या वेळाचा. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेच्या भूकंपात पाटण तालुक्यातली दगड-मातीची घरे मोठ्या प्रमाणावर पडली होती. आता त्याच भागात आरसीसीची घरे उभी राहत आहेत, आणि त्यांतल्या रिंगची टोके कोणत्या कोनात आहेत हे ती वाकवणाऱ्याशिवाय कोणालाच माहीत नाही. परीक्षा असावी ती एवढ्याचसाठी. आणि आपल्यासारख्या हाताला ती अवघड जाईल असे मला वाटत नाही.

प्रश्न : माझा मुलगा टेक्सासमध्ये ह्यूस्टन येथे असतो. तो सांगतो की तिथे घर बांधणाऱ्याला राज्याचा परवाना लागत नाही, आणि त्याचा कॅलिफोर्नियातला मित्र म्हणतो की तिथे परवान्याशिवाय ठेकेदारी करता येत नाही. अमेरिकेतच एकवाक्यता नसेल तर आपण कोणाचे अनुकरण करायचे? (मिरज)

उत्तर : दोघेही खरे सांगत आहेत. टेक्सासमध्ये वायरमन आणि प्लंबर यांना राज्याचा परवाना लागतो, घर बांधणाऱ्याला लागत नाही. म्हणजे या बाबतीत ह्यूस्टन आणि मिरज एकाच पंक्तीत आहेत. टेक्सासने मधली वाटही चोखाळून पाहिली. २००३ मध्ये तिथे टेक्सास रेसिडेन्शियल कन्स्ट्रक्शन कमिशन नावाचे मंडळ स्थापन झाले. बिल्डरांनी शुल्क भरून नोंदणी करायची होती, पण कामाच्या ज्ञानाची परीक्षा नव्हती. उलट घरात दोष निघालेल्या मालकाने न्यायालयात जाण्याआधी मंडळाच्या तपासणी प्रक्रियेतून जायचे असे बंधन आले. मंडळ बिल्डरांचीच ढाल झाले आहे अशी टीका झाली, विधिमंडळाच्या पुनर्विलोकनात ते बंद करण्याची शिफारस झाली आणि २०१० मध्ये ते गुंडाळले गेले. आपल्याकडे असा कायदा करताना हे प्रकरण समोर ठेवले पाहिजे : नोंदणी आणि तंटा सोडवणे ही कामे एकाच मंडळाकडे देऊ नयेत, आणि नोंदणीच्या बदल्यात नागरिकाची ग्राहक आयोगाची वाट अडवू नये.

कॅलिफोर्नियात १९२९ पासून परवाना मंडळ आहे. तिथे किमान ४ वर्षांचा कुशल कामाचा अनुभव, कायद्याची आणि त्या त्या कामाची परीक्षा आणि २५,००० डॉलरचे हमीपत्र मागतात. घरदुरुस्तीच्या कामात ठेकेदाराला कराराच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच उचल घेता येते. पण त्या कायद्याचा खरा दात वेगळाच आहे : विनापरवाना काम करणाऱ्याला कामाचे पैसे न्यायालयातून मागताच येत नाहीत, उलट ग्राहक दिलेले पैसे परत मागू शकतो. म्हणजे अंमलबजावणी फक्त निरीक्षकावर सोडलेली नाही. परवान्याशिवाय काम करणे ठेकेदाराच्याच खिशाला परवडणार नाही अशी योजना आहे. आपल्याकडे निरीक्षकांची संख्या आणि सचोटी या दोन्हींचा विचार केला, तर ही तरतूद मला सर्वांत उपयोगाची वाटते.

तिसरे उदाहरण न्यूझीलंडचे. तिथे पाणी शिरून कुजणाऱ्या हजारो घरांचा प्रश्न उभा राहिल्यावर २००४ मध्ये इमारत कायदा नव्याने झाला आणि मार्च २०१२ पासून घराचा सांगाडा आणि पाणी रोखणारे बाह्यावरण यांसारखी महत्त्वाची कामे परवानाधारकाने करावीत किंवा त्याच्या देखरेखीखाली व्हावीत असे बंधन आले. स्वतःचे घर स्वतः बांधणाऱ्याला मात्र अटींसह सूट आहे. वर कोरेगावच्या वाचकांना दिलेले उत्तर याच विचाराच्या जवळचे आहे. सगळ्या कामाला परवाना नको, झाकल्या जाणाऱ्या आणि जिवाशी गाठ असलेल्या कामाला हवा.

प्रश्न : कायदा होईल तेव्हा होईल. पलूस तालुक्यात काळ्या रानाला लागून आमचा प्लॉट आहे आणि दिवाळीनंतर पाया काढायचा आहे. ठेकेदार ओळखीचा असल्यामुळे करार मागायला संकोच वाटतो. आम्ही निदान काय करावे?

उत्तर : संकोच सोडा, करार मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे नव्हे, आणि ज्याला तसे वाटते त्याच्याकडे काम देण्याआधी पुन्हा विचार करावा. पण करारापूर्वी दोन कामे आहेत. प्लॉट नदीकाठच्या गावात असेल तर जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या संदर्भात तो कुठे पडतो ते आधी पाहा. २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, तेव्हा जोत्याची उंची शेजाऱ्याचे घर बघून ठरवू नये. दुसरे म्हणजे मातीची तपासणी. काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेला उथळ पाया वर्षातून एकदा वर ढकलला जातो आणि एकदा खाली बसतो. भिंतींना कोपऱ्यातून तिरक्या भेगा जातात त्या यामुळे. पाया किती खोल न्यायचा, मुरमापर्यंत जायचे की पाइल (जमिनीत खोल उतरवलेले काँक्रीटचे खांब) घ्यायचे, हे संरचना अभियंत्याने तपासणी अहवाल पाहून ठरवावे, खड्डा खणणाऱ्याने नव्हे.

हा अभियंता ठेकेदाराने आणलेला नसावा; त्याचे शुल्क तुम्ही द्यावे आणि पाया, जोते आणि स्लॅब यांच्या आधी त्याने जागेवर येऊन लेखी होकार द्यावा असे त्याच्याशीही ठरवून घ्यावे. सांगलीचे वालचंद किंवा कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या ठिकाणी काँक्रीटचे नमुने तपासून मिळतात का याची चौकशी करा. स्लॅबच्या दिवशी १५० मिलिमीटरच्या साच्यांत ठोकळे भरून २८ दिवसांनी त्यांची ताकद मोजतात. खर्च घराच्या मानाने नगण्य आहे, आणि ठोकळे भरले जाणार आहेत हे सकाळीच कळले की मिक्सरवरची बादली आपोआप हलकी होते, असा माझा अनुभव आहे.

करारात सिमेंटचा आणि सळईचा प्रकार, काँक्रीटची प्रत, किती दिवस पाणी मारायचे आणि सेंट्रिंग कधी काढायचे हे लिहा. पैसे तारखेप्रमाणे न देता पूर्ण झालेल्या टप्प्याप्रमाणे द्या, आणि तेही अभियंत्याच्या होकारानंतर. उचल जितकी मोठी तितका ठेकेदाराचा पुढच्या कामातला रस कमी, हे लक्षात ठेवून ती साहित्याच्या पहिल्या खेपेपुरतीच मर्यादित ठेवा. एकूण रकमेच्या ५ ते १० टक्के रक्कम राखून ठेवा आणि ती एक पूर्ण पावसाळा जाऊन स्लॅब कोरडा राहिल्यावर द्यायची, असे कराराच्या पहिल्या पानावरच लिहून दोघांच्या सह्या घ्या.